विश्लेषण : अनुदानावर मधपेटी मिळते, पण मधपाळ टिकतो कशावर?

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे मे २०२२मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. त्यापाठोपाठ कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगावचे नाव पुढे आले. केंद्र सरकारने ‘गोड क्रांती’साठी ५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियान आखले. राज्यात मध केंद्र योजनेतून ५० टक्के अनुदानावर पेट्या मिळू लागल्या. मात्र पेटी हातात पडली म्हणजे व्यवसाय उभा राहिला, असे होत नाही. मध कोण विकत घेणार, तो शुद्ध असल्याचे कोण सिद्ध करणार, फवारणीने माशा मेल्या तर दाद कोणाकडे मागायची, हे प्रश्न पहिल्याच हंगामात समोर येतात. त्यांची उत्तरे एकट्या मधपाळाकडे नसतात. जिथे मधपाळांची संस्था किंवा संघ भक्कम आहे, तिथे हा व्यवसाय पिढ्यान् पिढ्या चालला. जिथे नाही, तिथे पेट्या माळ्यावर गेल्या. या संस्था नेमके काय करतात, याचा हा आढावा.

एकट्या मधपाळाची अडचण काय?

मधमाशीपालनाला स्वत:ची जमीन लागत नाही. ही या व्यवसायाची जमेची बाजू आहे आणि अडचणही तीच आहे. माशा चरायला जातात त्या दुसऱ्याच्या शेतात किंवा वनखात्याच्या रानात. सातेरी माशी साधारण किलोमीटरभर, तर युरोपीय मेलिफेरा माशी दोन-तीन किलोमीटरपर्यंत फिरते. त्या टापूत काय पेरले जाईल, कोणते औषध कधी फवारले जाईल, कोणती झाडे तोडली जातील, यावर मधपाळाचे नियंत्रण नसते.

दुसरी अडचण मालाची. सातेरीच्या एका पेटीतून वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध निघतो. दहा पेट्या असलेल्या शेतकऱ्याकडे हंगामाअखेर पन्नास ते शंभर किलो मध जमतो. हा माल मोठ्या खरेदीदाराकडे नेण्याइतका मोठा नाही आणि ओळखीत वाटून संपवण्याइतका लहानही नाही. त्यात सह्याद्रीसारख्या दमट भागातील मधात पाण्याचा अंश जास्त असतो. अन्नसुरक्षा मानकांनुसार तो २० टक्क्यांच्या आत असावा लागतो. त्याहून अधिक राहिला तर मध आंबतो. पाण्याचा अंश उतरवणारे, मध गाळून स्वच्छ करणारे यंत्र एका शेतकऱ्याला परवडत नाही. त्यामुळे दारात येणाऱ्या पहिल्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने मध देण्याशिवाय पर्याय उरत नाही.

तिसरी अडचण अनुभवाची. राणीमाशी म्हातारी झाली, पावसाळ्यात मेणकिडा लागला किंवा वसाहत पेटी सोडून उडून गेली, तर काय करायचे हे पुस्तकातून कळत नाही. गावात विचारायला दुसरा जाणता मधपाळ नसेल तर नवखा माणूस एक-दोन हंगामांत कंटाळतो.

भारतात मधपाळांच्या संस्था कधीपासून?

लाकडी पेटीत, काढता-घालता येणाऱ्या चौकटींवर सातेरी माशी पाळण्याची पद्धत भारतात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळली. तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली येथे फादर न्यूटन यांनी देशी माशीला मानवेल अशा आकाराची पेटी तयार करून लोकांना प्रशिक्षण दिले. ‘न्यूटन पेटी’ दक्षिणेत आजही वापरात आहे. पुढे १९३०च्या दशकात कन्याकुमारी भागातील मार्तंडम आणि कर्नाटकातील कोडगू येथे मधपाळांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. दक्षिण कन्नडमधील पुत्तूरची संस्थाही याच परंपरेतली. कॉफीचे मळे, रबराची लागवड आणि लगतचे जंगल असलेल्या या पट्ट्यात घरटी चार-दोन पेट्या ठेवायच्या आणि मध संस्थेला घालायचा, अशी पद्धत रुजली.

अखिल भारतीय पातळीवरील मधपाळ संघही १९३०च्या दशकाच्या अखेरीस स्थापन झाला. ‘इंडियन बी जर्नल’ हे त्याचे नियतकालिक. कुमाऊंच्या डोंगरातून सुरू झालेल्या या कामाचे केंद्र पुढे पुण्यात आले. त्यामागे एक कारण होते. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६२मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था पुण्यात सुरू केली आणि देशभरातील मधपाळांचा राबता या शहरात वाढला.

महाराष्ट्रात ही चळवळ महाबळेश्वरातून पसरली. येथील मध संचालनालयाचे काम १९४६पासूनचे. आज ते राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या अखत्यारीत असून ‘मधुबन’ या नावाने मध विकते. त्याला जोड मिळाली ती महाबळेश्वर मधोत्पादक सहकारी सोसायटीची. ‘मधुसागर’ या नावाने पर्यटकांना ती परिचित आहे. जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा आणि काही वर्षांच्या अंतराने एकदाच फुलणारी कारवी व व्हायटी, असा इथला फुलोरा. डोंगरउतारावरच्या तुटपुंज्या शेतीवर भागत नसलेल्या कुटुंबांना या संस्थेमुळे हक्काचा खरेदीदार मिळाला.

संस्था मधपाळासाठी प्रत्यक्ष काय करते?

संस्थेचे पहिले काम खरेदीचे. हंगामात ठरलेल्या ठिकाणी मध गोळा होतो, वजन होते, पाण्याचा अंश तपासला जातो आणि प्रतीनुसार पैसे मिळतात. सहकारी तत्त्वावर चालणाऱ्या संस्थेत वर्षाअखेर नफा झाला तर त्याचा वाटाही सभासदांकडे येतो. मुख्य म्हणजे भाव आधी माहीत असतो. त्यामुळे मधपाळ घाई करत नाही. चौकटीतील मध पिकून माशांनी त्यावर मेणाचे झाकण घातले की मगच तो काढायचा, हा नियम पाळणे त्याला परवडते. पैशांची निकड आणि अनिश्चित भाव असेल तर कच्चा, पातळ मध काढला जातो. तो लवकर आंबतो, भाव कमी मिळतो आणि नुकसान पुन्हा मधपाळाचेच होते.

दुसरे काम सामाईक साधनांचे. चौकटीतून पोळे न मोडता मध काढणारे मधयंत्र, मध गाळण्याची व साठवण्याची भांडी, मेणपत्रे तयार करण्याचे साचे ही साधने वर्षातून काही दिवसच लागतात. प्रत्येकाने ती विकत घेण्यात अर्थ नाही. संस्था ती घेते आणि सभासद आळीपाळीने वापरतात. पोळे शाबूत राहिल्याने माशांचे मेण पुन्हा बांधण्याचे श्रम वाचतात आणि मधाचे उत्पादनही वाढते.

तिसरे काम पावसाळ्यातले. महाबळेश्वर-जावळीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर माशांना बाहेर पडता येत नाही. या काळात साखरेचा पाक देऊन वसाहती जगवाव्या लागतात. ज्याच्या हाती पैसे नाहीत, तो पाक कमी देतो आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्या निम्म्या पेट्या रिकाम्या निघतात. अशा वेळी हंगामातल्या मधावर उचल देणारी संस्था असेल तर वसाहत वाचते. फुलोऱ्याच्या काळात पाक देणे म्हणजे मात्र भेसळ. हा फरक नवख्याला समजावून सांगणे आणि तो मोडणाऱ्याचा मध नाकारणे, हेही संस्थेचेच काम.

रोगाची साथ आली तर?

या प्रश्नाचे उत्तर दक्षिण भारताने मोठी किंमत मोजून शोधले. अळ्यांना होणारा ‘थाई सॅकब्रूड’ हा विषाणूजन्य रोग भारतात १९७८च्या सुमारास ईशान्येकडे आढळला. १९९१-९२मध्ये तो केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत पसरला आणि सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट झाल्या. पिढ्यान् पिढ्या मध विकणाऱ्या कुटुंबांच्या पेट्या काही महिन्यांत रिकाम्या झाल्या. विषाणूवर औषध नव्हते. ज्या थोड्या वसाहती तगल्या, त्यांच्यापासून पुन्हा माशा वाढवत नेणे हाच मार्ग होता. कोणाच्या रानात कोणती वसाहत वाचली, ही माहिती एकमेकांना देणे आणि त्यांची विभागणी करून शेजाऱ्याला पुरवणे हे काम जिथे मधपाळ एकमेकांशी जोडलेले होते तिथे सोपे गेले.

मेलिफेरा माशीचा शत्रू वेगळा. या माशीचे यशस्वी पालन भारतात १९६०च्या दशकात, तेव्हाच्या पंजाबातील नगरोटा बगवान येथे सुरू झाले. पंजाब कृषी विद्यापीठाचे डॉ. ए. एस. अटवाल यांचे नाव या कामाशी जोडले गेले आहे. जास्त मध देणारी ही माशी उत्तर भारतात झपाट्याने पसरली. पण अंगाला चिकटून राहणाऱ्या व्हरोआ या सूक्ष्म कोळिडीपुढे ती दुबळी ठरते. सातेरी माशा एकमेकींच्या अंगावरून ही कोळिडी काढून टाकतात. मेलिफेराला ते तितके जमत नाही. मग मधपाळ औषधांकडे वळतो. इतर रोगांवर कोणी प्रतिजैविके वापरली तर त्यांचे अंश मधात उतरतात.

त्याचा फटका किती मोठा असतो, हे २०१०मध्ये दिसले. भारतीय मधातील प्रतिजैविके आणि जड धातूंवरील देखरेख अपुरी आहे, मध कुठून आला याचा माग काढता येत नाही, या कारणांवरून युरोपीय संघाने आयात थांबवली. बंदी उठायला २०११ उजाडले. काहींच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना झाली. औषध कोणते, किती आणि मध काढण्याच्या किती दिवस आधी थांबवायचे, याची शिस्त कायद्याने फार तर कागदावर येते. ती पेटीपर्यंत पोहोचते ती मधपाळांच्या आपसातल्या नियमांमुळे.

स्थलांतर आणि फवारणीचा प्रश्न कसा सुटतो?

मेलिफेरा पाळणारा मधपाळ फुलांमागे फिरतो. हिवाळ्यात राजस्थानातील भरतपूर परिसरातील मोहरी, नंतर बिहारमधील मुझफ्फरपूरची लिची, पुढे अन्य पिके आणि जंगले, असा हा प्रवास असतो. रात्री ट्रकमध्ये पेट्या भरायच्या, पहाटेपूर्वी नव्या जागी उतरवायच्या. वाटेत गाडी अडली आणि ऊन वाढले की पेट्यांत कोंडलेल्या माशा गुदमरून मरतात. नव्या गावात ‘माशा पिकाचा रस शोषून नेतात’ असा गैरसमज असेल तर शेतकरी पेट्या ठेवू देत नाहीत. राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या ‘मधुक्रांती’ पोर्टलवर नोंदणीची सोय २०२१मध्ये सुरू झाली. त्यातून मधपाळाला अधिकृत ओळख मिळते. मात्र परक्या जिल्ह्यात रात्री दोन वाजता उपयोगी पडतो तो तिथल्या संघाचा फोन नंबर.

महाराष्ट्रात हा प्रश्न परागीभवनाच्या अंगाने पुढे येतो. कांदा बीजोत्पादन, डाळिंब, सूर्यफूल, कलिंगड, काकडीवर्गीय भाज्या यांना माशांची गरज असते. कांद्याच्या गोंड्यांवर माशा फिरल्या नाहीत तर बी भरत नाही. त्यामुळे बीजोत्पादक शेतकरी फुलोऱ्याच्या काळात पेट्या भाड्याने आणतात. यात मधपाळाला मधाशिवाय दुसरे उत्पन्न मिळते, पण धोकाही असतो. पेट्या ठेवलेल्या शेताला लागून असलेल्या रानात सकाळी कीटकनाशक फवारले गेले तर दुपारपर्यंत पेट्यांपुढे मेलेल्या माशांचा सडा पडतो.

यावर उपाय साधा आहे. फुलोऱ्यात फवारणी टाळायची, अगदीच गरज असेल तर माशा परतल्यावर संध्याकाळी करायची आणि मधपाळाला आदल्या दिवशी कळवायचे. पण एका मधपाळाने वीस शेतकऱ्यांच्या हातापाया पडण्यापेक्षा संघाने ग्रामपंचायत, कृषी सहायक आणि औषध दुकानदार यांच्याशी बोलून ठरवलेली वेळ जास्त पाळली जाते. भाड्याचा करार लेखी असावा, त्यात फवारणीने झालेल्या नुकसानीची जबाबदारी नमूद असावी, हा आग्रहही संघच धरू शकतो.

भेसळीचा फटका कोणाला बसतो?

डिसेंबर २०२०मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने बाजारातील १३ ब्रँडचे मध तपासून घेतले. त्यांपैकी १० ब्रँड ‘एनएमआर’ चाचणीत उत्तीर्ण झाले नाहीत, असे संस्थेने जाहीर केले. संबंधित कंपन्यांनी आरोप फेटाळले. या तपासाची सुरुवात कशी झाली, हे मात्र फारसे चर्चेत आले नाही. करोनाकाळात मधाचा खप वाढत असतानाही आपल्याला भाव मिळत नाही, अशी तक्रार उत्तर भारतातील मधमाशीपालक करत होते. मागणी वाढूनही उत्पादकाचा भाव पडत असेल तर बाजारात दुसरे काही तरी मध म्हणून विकले जात आहे, हा संशय त्यातून बळावला.

एनएमआर म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनादावर आधारित चाचणी. ती मधाचा संपूर्ण रासायनिक ठसा पाहते. उसाच्या किंवा मक्याच्या साखरेची भेसळ जुन्या चाचण्यांत पकडली जाते. तांदूळ किंवा बीट यांपासून खास तयार केलेली सिरपे त्या चाचण्यांना चकवू शकतात. अमेरिकेला निर्यात होणाऱ्या मधासाठी भारताने ऑगस्ट २०२०पासून ही चाचणी सक्तीची केली. देशांतर्गत बाजारासाठी मात्र तेव्हा अशी सक्ती नव्हती.

भेसळीमुळे ग्राहकाची फसवणूक होते, हे खरेच. पण भेसळीचा मध खऱ्या मधापेक्षा कमी खर्चात तयार होतो, म्हणून बाजारभाव त्याच्या पातळीवर उतरतो आणि मधपाळाला माशा पाळणेच परवडेनासे होते. तो आपला मध खरा आहे हे सिद्ध करू शकत नाही, कारण एका नमुन्याच्या चाचणीचा खर्च त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. सभासदांचा मध एकत्र करून प्रत्येक खेपेचा नमुना तपासणे संस्थेलाच शक्य असते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने २०२०मध्ये आणंद येथे मध तपासणीची आधुनिक प्रयोगशाळा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ‘अमूल’ने मध बाजारात आणला. दुधात जे सहकाराने केले ते मधात करता येईल का, याची ही चाचपणी होती.

अमेरिकेतील संघटनेचा भारतीय मधपाळाशी संबंध काय?

संघटित मधपाळ काय करू शकतात, याचे ठळक उदाहरण अमेरिकेत आहे आणि त्याचा फटका भारताला बसला. एप्रिल २०२१मध्ये अमेरिकन हनी प्रोड्युसर्स असोसिएशन आणि शंभर वर्षे जुनी सू हनी असोसिएशन ही सहकारी संस्था यांनी तेथील सरकारकडे अर्ज केला. भारत, व्हिएतनाम, अर्जेंटिना, ब्राझील आणि युक्रेन या देशांतून उत्पादन खर्चापेक्षा स्वस्त मध येत असल्याने आपले सभासद बुडत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. चौकशीनंतर २०२२मध्ये युक्रेन वगळता इतर देशांच्या मधावर ‘अँटी डम्पिंग’ शुल्क लागले. भारतासाठी ते सुमारे सहा टक्के होते, तर व्हिएतनामसाठी जवळपास ६० टक्के.

भारताच्या मध निर्यातीचा सर्वांत मोठा ग्राहक अमेरिकाच आहे. त्यामुळे तिथला प्रत्येक निर्णय भरतपूरच्या मोहरीच्या शेतात उभ्या असलेल्या पेटीपर्यंत पोहोचतो. निर्यातीचे आकडे बोलके आहेत. २०२२-२३मध्ये भारताने सुमारे ८० हजार टन मध निर्यात करून २० कोटी डॉलरहून थोडे अधिक मिळवले. पुढील वर्षी निर्यात एक लाख टनांवर गेली, पण उत्पन्न १८ कोटी डॉलरच्या आत आले. म्हणजे टनाला सरासरी अडीच हजार डॉलर मिळत होते, ते साडेसोळाशेच्या आसपास घसरले. माल जास्त गेला आणि पैसे कमी आले.

याविरोधात भारतातील मधमाशीपालकांच्या संघटना किमान निर्यात दराची मागणी करत होत्या. मार्च २०२४मध्ये केंद्राने टनाला दोन हजार डॉलर हा किमान दर ठरवला आणि नंतर त्याची मुदत २०२५च्या अखेरपर्यंत वाढवली. निर्यातदारांचे म्हणणे वेगळे होते. जागतिक भाव त्याखाली गेला तर खरेदीदार दुसऱ्या देशाकडे वळतील, ही त्यांची भीती. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण वाटाघाटीच्या टेबलावर मधपाळाची बाजू मांडली गेली, ती संघटना होती म्हणूनच.

युरोपात यापुढचे पाऊल पडले. तेथे आयात मधाच्या ३२० नमुन्यांपैकी ४६ टक्के नमुने संशयास्पद आढळल्याचे २०२३मध्ये जाहीर झाले. मधपाळ संघटनांच्या रेट्यानंतर, मिश्रणातील प्रत्येक देशाचे नाव आणि त्याचे प्रमाण बाटलीवर छापण्याची तरतूद २०२४मध्ये करण्यात आली. २० मे हा जागतिक मधमाशी दिनही स्लोव्हेनियासारख्या छोट्या देशातील मधपाळ संघाच्या पुढाकारातून आला. त्या देशाने प्रस्ताव मांडल्यावर संयुक्त राष्ट्रांनी २०१७मध्ये तो मान्य केला.

मग अनेक संस्था नावापुरत्या का उरतात?

संस्था असली की सगळे आलबेल, असेही नाही. पहिली त्रुटी म्हणजे योजनेपुरत्या स्थापन झालेल्या संस्था. अनुदान मिळवण्यासाठी दहा-वीस सह्या गोळा होतात, पेट्या वाटल्या जातात आणि पहिल्या वार्षिक सभेनंतर संस्था कागदावर राहते. दुसरी त्रुटी भांडवलाची. हंगामात मध एकदम येतो, विक्री मात्र वर्षभर चालते. खरेदीच्या वेळी रोख पैसे देण्याइतके खेळते भांडवल नसेल तर सभासद व्यापाऱ्याकडे जातो आणि त्याला दोष देता येत नाही.

तिसरी त्रुटी सभासदत्वाची. पेट्यांची देखभाल अनेक घरांत महिला करतात, पण पेटी आणि सभासदत्व पुरुषाच्या नावावर असते. प्रशिक्षणाला तो जातो, काम ती करते. चौथी त्रुटी पर्यटनस्थळी दिसते. स्थानिक मधाच्या नावावर बाहेरून आणलेला मध विकला गेला तर स्थानिक संस्थेची पत घसरते. तिने कष्टाने कमावलेले नाव दुसरेच वापरतात.

शिवाय कोणत्या माशीला प्रोत्साहन द्यायचे, हा वाद आहेच. मेलिफेरा जास्त मध देते, पण तिला सतत फुलोरा आणि स्थलांतर लागते. सह्याद्रीतील दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला सातेरीच सोयीची. सरसकट एकच पेटी वाटली तर काही ठिकाणी ती रिकामी राहणारच. आग्या माशीचा मध गोळा करणाऱ्या आदिवासी कुटुंबांचा प्रश्न आणखी वेगळा. तिथे पेटी नाही, तर पोळे न जाळता, फक्त मधाचा भाग कापून घेण्याचे प्रशिक्षण आणि रास्त खरेदी हवी. स्थानिक गरज ओळखणारी संस्थाच हा फरक करू शकते.

ग्राहकाने काय पाहावे?

मध पाण्यात टाकून, काडीला लावून पेटवून किंवा कुत्रा तो चाटतो का हे बघून शुद्धता ठरत नाही. थंडीत मध घट्ट होऊन साखरेसारखे कण दिसणे म्हणजेही भेसळ नव्हे. मोहरीचा शुद्ध मध काही आठवड्यांत गोठतो, तर जांभळाचा दीर्घकाळ पातळ राहतो. घरच्या घरी भेसळ पकडण्याचा खात्रीचा मार्ग नाही.

त्यामुळे पाहायचे ते बाटलीमागची साखळी. मध कोणत्या भागातला, कोणत्या फुलोऱ्याचा, कोणत्या हंगामातला आहे, खेप क्रमांक काय आहे आणि विक्रेता मधपाळांकडून थेट खरेदी करतो का, हे विचारता येते. चांगल्या संस्थेकडे त्याची उत्तरे असतात. किंमत फारच कमी असेल तर शंका घ्यावी. पेट्या, पावसाळ्यातला पाक, मजुरी आणि प्रक्रिया यांचा खर्च धरता खरा मध स्वस्त असू शकत नाही.

पुढे काय?

नाफेडने नोव्हेंबर २०२०मध्ये पूर्व चंपारण, मोरेना, भरतपूर, मथुरा आणि सुंदरबन येथे मधपाळांच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचा प्रारंभ केला. सहकारी सोसायटीला आधुनिक रूप देण्याचा हा प्रयत्न आहे. महाराष्ट्रातही मधाच्या गावांची संकल्पना पुढे जात आहे. मात्र यश किती पेट्या वाटल्या यावर मोजले गेले तर जुनीच चूक पुन्हा होईल. तीन वर्षांनंतर त्यांतल्या किती पेट्यांत माशा आहेत, संस्थेने किती मध किती भावाने घेतला, किती नमुने तपासले आणि किती महिला सभासद आहेत, हे आकडे दरवर्षी गावासमोर यायला हवेत.

मध केंद्र योजनेत हमीभावाने खरेदीची तरतूद आहे. ती हंगामात वेळेवर आणि रोखीने झाली तर मधपाळ व्यापाऱ्याच्या दारात जाणार नाही. कृषी विभागाने फवारणीच्या सल्ल्यांत मधपाळ संघाला सामील करून घेतले तर माशा वाचतील. यासाठी फार मोठा निधी लागत नाही. गावपातळीवर काम करणारी, हिशेब उघडा ठेवणारी संस्था लागते. एकटी मधमाशी हिवाळ्याची एक रात्रही काढू शकत नाही, ती वसाहतीत जगते. तिच्या मधावर घर चालवणाऱ्या माणसाचेही तसेच आहे.